ग्रंथालयाच्या सर्व्हरसाठी ओएसची (ऑपरेटिंग सिस्टिमची) निवड : प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२४

१० जून २०२४, सोमवार

काम असे आहे. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याचा कॅटलॉग सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर चालतो आणि त्यावर कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर टारबॉलवरून, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यावरून, हाताने बसवलेले आहे. सेंटओएस ७ ची मुदत ३० जूनला संपते. त्यानंतर त्यात सुरक्षेचे कुठलेही भोक सापडले तरी पॅच, म्हणजे दुरुस्ती, येणार नाही. नवी ओएस निवडायची, बसवायची आणि डेटा हलवायचा.

सर्व्हरवर पुस्तकांच्या नोंदी तर आहेतच, पण सभासदांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर आणि कोणी काय वाचायला नेले हेही आहे. जपायचे ते हे. पुस्तक चोरीला गेले तर नवे घेता येते, वाचकाचा वाचनाचा इतिहास बाहेर गेला तर तो परत आणता येत नाही. वाचकांसाठीचा कॅटलॉग इंटरनेटवर दिसायला हवा. कर्मचाऱ्यांचा भाग बाहेरून मुळीच दिसता कामा नये.

हाताशी दोन यंत्रे आहेत. मुख्य सर्व्हरमध्ये झिऑन ई३-१२२० व्ही२, १६ जीबी ईसीसी मेमरी आणि १ टीबीच्या दोन डिस्क. दुसरे पीसी इंजिन्सचे एपीयू२ हे छोटे यंत्र : ४ जीबी मेमरी, तीन इंटेल नेटवर्क पोर्ट, १६ जीबी एमसाटा. यूपीएस आहे, पण पावसाळ्यात वीज यूपीएसच्या दमापेक्षा जास्त वेळ जाते. तेव्हा अचानक बंद पडून पुन्हा उठणे हे रोजच्या कामातलेच धरायचे.

१२ जून, बुधवार

"सर्वांत सुरक्षित ओएस कोणती" असा प्रश्न घेऊन बसले की उत्तर लगेच मिळते आणि ते कामाला येत नाही. आम्ही प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारला : या सर्व्हरवर जे जे चालणार, त्यात भोक सापडले तर पॅच कोण बनवतो आणि तो आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो?

ओपनबीएसडी. युनिक्सच्या कुळातली, १९९५ मध्ये नेटबीएसडी या तशाच ओएसपासून वेगळी झाली. बसवल्यावर जवळजवळ काहीच चालू नसते. नुसत्या मूळ बसवणीत दुरून घुसता येईल अशी दोनच भोके इतक्या वर्षांत मान्य झाली आहेत, २००२ चे आणि २००७ चे. २०१६ पासून 'प्लेज' आहे, म्हणजे प्रोग्राम सुरुवातीलाच सांगतो की मला कर्नलकडून (ओएसच्या गाभ्याकडून) एवढ्याच गोष्टी लागतील, आणि त्यापलीकडे पाऊल टाकले की कर्नल त्याला मारतो. २०१८ पासून 'अनव्हेल' आहे, त्यात तेच फायलींच्या बाबतीत. दर बूटला कर्नलचे तुकडे वेगळ्या क्रमाने पुन्हा जोडले जातात, त्यामुळे एका यंत्रावरचा मेमरीतला पत्ता दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. सगळे पटते. अडचण कोहाची आहे. कोहाला पर्ल या भाषेतली शेकडो मॉड्यूल (तयार तुकडे) लागतात आणि त्याचे तयार पॅकेज डेबियन व उबंटूसाठीच निघते. ओपनबीएसडीवर कोहा चढवायचे म्हणजे यातली बरीच मॉड्यूल सीपॅन या पर्लच्या भांडारावरून हाताने आणायची. ती आणली त्या दिवसापासून त्यांच्या पॅचची जबाबदारी फक्त आपली. खालची प्रणाली अभेद्य आणि वर कोणी न पाहिलेला ढीग, असा सर्व्हर आम्हाला नको.

अल्मालिनक्स ९, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सशी सुसंगत अशी मोफत लिनक्स. एसईलिनक्स ही बंधन घालणारी यंत्रणा पहिल्यापासून चालू आणि सेवांना खरोखर बांधणारी. मुदत २०३२ पर्यंत. पण कोहा इथेही टारबॉलनेच, म्हणजे आजची अडचण उद्यावर. शिवाय हा प्रोसेसर २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीचा आहे, त्यात एव्हीएक्स२ हा सूचना-संच नाही. आवृत्ती ९ चालेल, पण आवृत्ती १० ला एक्स८६-६४-व्ही३, म्हणजे एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर, लागेल असे रेड हॅटने जानेवारीतच सांगितले आहे. सेंटओएस ८ ची मुदत २०२९ वरून २०२१ वर आणल्याची घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली होती, तेही विसरता येत नाही. अल्मा त्याच धक्क्यातून जन्मली आणि आजवर नेटाने चालली आहे, पण तिचा मूळ झरा दुसऱ्याच्या आवारात आहे.

उबंटू एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती). कोहाचे पॅकेज चालते. पण कोहाला लागणारी बरीचशी पर्ल पॅकेजे 'युनिव्हर्स' विभागात येतात आणि त्या विभागाचे पाच वर्षांचे सुरक्षा पॅच उबंटू प्रो नोंदणीशी जोडलेले आहेत. डेबियनमध्ये असा पंक्तिभेद नाही.

फ्रीबीएसडीचे जेल (सेवा वेगळ्या कोंडण्याची सोय) आणि झेडएफएस (फाइलसिस्टिम) फार आवडतात, अडले ते कोहाशीच. अल्पाइन ही छोटी लिनक्स कंटेनरसाठी उत्तम, इथे विषयच नाही.

डेबियन १२. जून २०२३ ची आवृत्ती. सुरक्षा संघाचा आधार जून २०२६ पर्यंत, मग एलटीएस जून २०२८ पर्यंत. कोहा बनवणारे स्वतः यावरच तपासतात. मुख्य सर्व्हरसाठी हीच.

१४ जून, शुक्रवार

डेबियन घ्यायची तर तिची दुखरी बाजूही लिहून ठेवायला हवी. वितरण (डेबियनसारखी तयार लिनक्स) मूळ सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे बदल घालते आणि काही वेळा भोक त्या बदलातूनच पडते.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटीकरणाच्या लायब्ररीत असा एक बदल गेला की किल्ली बनवताना यादृच्छिकपणा जवळजवळ उरलाच नाही. प्रोसेस क्रमांक तेवढा फरक पाडत होता, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या ३२,७६८ च किल्ल्या शक्य होत्या. हे १३ मे २००८ ला जाहीर झाले. ताजे उदाहरण २९ मार्च २०२४ चे, एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मधला चोरदरवाजा. एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) सर्व्हरला एक्सझेडची लायब्ररी लिब-एलझेडएमए लागतच नाही. पण डेबियन आणि इतर काही वितरणे सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीला "मी तयार आहे" हा निरोप देण्यासाठी त्याला लिब-सिस्टमडी जोडतात, आणि तिच्या पाठीमागून लिब-एलझेडएमए आत येते. हल्लेखोराने नेमकी ती साखळी हेरली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलेच नाही, टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये पोचले होते. ओपनबीएसडीत ही साखळीच नाही.

कोणत्याही यंत्रावर हे पाहता येते. एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) कोणत्या लायब्ररी ओढतो ते 'एलडीडी'ला विचारायचे. डेबियन १२ वर लांबलचक यादीत लिब-सिस्टमडी आणि लिब-एलझेडएमए दोन्ही दिसतात. ओपनबीएसडी ७.५ वर बोटांवर मोजण्याइतकी नावे येतात.

यावरून निर्णय : दोन्ही घ्यायच्या, पण जागा वाटून. एपीयू२ वर ओपनबीएसडी, फक्त मूळ प्रणालीतली साधने वापरून. इंटरनेटला तोंड देणारे तेच एक यंत्र. त्याच्यामागे डेबियनवर कोहा. डेबियनच्या एसएसएचला बाहेरचा एकही पॅकेट लागणार नाही. आता ज्या सॉफ्टवेअरला जग स्पर्श करते ते सगळे एकाच संघाने लिहिलेले आणि एकाच वाटेने पॅच होणारे आहे.

१८ जून, मंगळवार

दोन्ही ओएसच्या बसवणीच्या इमेज उतरवल्या आणि सह्या तपासल्या. डेबियनची एसएचए-५१२ हॅशची (फाइलच्या ठशांची) यादी आणि तिची सही जीपीजी या साधनाने पडताळायची, मग इमेजचा हॅश त्या यादीशी जुळवायचा. नुसता हॅश जुळवून थांबू नये. ज्याने इमेज बदलली त्याला शेजारची यादीही बदलता येते.

ओपनबीएसडीची सही 'सिग्निफाय' या साधनाने तपासतात. डेबियनच्या यंत्रावरून तपासताना एक खाचखळगा आहे : डेबियनमध्ये 'सिग्निफाय' नावाचे पॅकेज भलतेच आहे, ते ईमेलखालची सही बनवते. हवे ते पॅकेज 'सिग्निफाय-ओपनबीएसडी'. सार्वजनिक किल्ली इतकी छोटी, एका ओळीची असते की दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून घेऊन डोळ्यांनी जुळवता येते. पुढे हा प्रश्न उरत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीत पुढच्या आवृत्तीची किल्ली आधीच दिलेली असते.

१९ जून, बुधवार

एपीयू२ ला पडदा नाही, सगळे सिरीयल तारेवरून. त्याचे फर्मवेअर १,१५,२०० बॉडवर बोलते आणि ओपनबीएसडीचे बूट ९,६०० धरते. म्हणून फर्मवेअरचा मजकूर नीट दिसतो आणि लगेच पुढे कचरा अक्षरे येतात. बूटच्या प्रॉम्प्टवर आधी 'एसटीटीवाय कॉम० ११५२००', मग 'सेट टीटीवाय कॉम०' द्यायचे. इन्स्टॉलर नंतर कन्सोल कॉम० वर ठेवू का आणि वेग किती असे विचारतो, तिथेही तेच. इथे घाईने एंटर दाबला तर रीबूटनंतर पुन्हा कचरा.

एक्स, खेळ आणि कंपायलरचे संच वगळले. विभागणी आपोआपचीच ठेवली, कारण ती टेंप, व्हार, होम वेगळे करून त्यांवर 'नोसुइड', 'नोडेव्ह' ही बंधने स्वतःच लावते. एवढेच की १६ जीबीत सोर्स आणि ऑब्जेक्टसाठीच्या जागा व्यर्थ जातात. त्या काढून 'होम' वाढवला, कारण 'सिसअपग्रेड' नव्या आवृत्तीचे संच होममध्येच उतरवतो. होम लहान असेल तर सहा महिन्यांनी अपग्रेड मध्येच अडेल आणि तेव्हा कारण शोधत बसावे लागेल.

पहिल्या बूटनंतर लगेच 'सिसपॅच', म्हणजे मूळ प्रणालीचे पॅच. कर्नलचा पॅच असेल तर रीबूट. हे आपोआप होत नाही. रोज रात्री 'सिसपॅच'ची तपासणी चालवून निकाल ईमेलने येईल अशी नोंद क्रॉन या वेळापत्रकात घातली.

या फाइलसिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही. वीज गेली की उठताना पूर्ण तपासणी होते. १६ जीबीवर ती चटकन उरकते. एक टीबीच्या डिस्कवर हेच सहन झाले नसते. डेटा या यंत्रावर न ठेवण्याचे तेही एक कारण.

२१ जून, शुक्रवार

फायरवॉल. ओपनबीएसडीच्या पीएफ या फायरवॉलमध्ये शेवटचा जुळणारा नियम लागू होतो. लिनक्सच्या आयपीटेबल्सची सवय असलेल्यांना पहिला जुळणारा नियम अपेक्षित असतो, त्यामुळे नियमांचा अर्थ उलटा होतो. जिथे लगेच थांबायचे तिथे 'क्विक' लिहायचे.

सगळे बंद, मग एकेक उघडले : बाहेरून वेबचे ८०, ४४३ आणि वायरगार्ड या व्हीपीएनचा एक यूडीपी पोर्ट. एसएसएच फक्त वायरगार्डच्या आतून. वायरगार्ड ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये ६.८ पासून आहे, वेगळे पॅकेज लागत नाही.

एका आयपीवरून किती जोडण्या येऊ द्यायच्या ही मर्यादा पीएफमध्ये एका ओळीत लिहिता येते, आणि इथे हात आवरायला हवा. भारतात मोबाइलवरून येणारे शेकडो वाचक एकाच आयपीव्ही४ पत्त्याआड असू शकतात. परदेशी मार्गदर्शिकांतले आकडे जसेच्या तसे उचलले तर परीक्षेच्या दिवसांत एकाच कॉलेजातली मुले कॅटलॉग उघडू लागली की सगळ्यांना कुलूप. ४४३ वर मर्यादा सैल ठेवली आणि ओलांडली तरी कायमची बंदी घातली नाही.

आतून बाहेर जाणारी वाटही बांधली, हे बहुतेक ठिकाणी राहून जाते. डेबियनला डीएनएस आणि वेळ फक्त गेटवेकडून, म्हणजे एपीयू२ कडून. बाहेर ८० व ४४३, आणि ईमेलसाठी ठरलेल्या एका सर्व्हरचा ५८७. कोहातून कोणी आत शिरलेच, तर त्याला हव्या त्या पोर्टवरून घरी फोन लावता येणार नाही.

दुरून नियम बदलताना आधी 'पीएफसीटीएल'च्या 'एन' पर्यायाने फाइल तपासायची आणि दहा मिनिटांनी जुनी फाइल परत लागेल असे 'अ‍ॅट'ने लावून ठेवायचे. जोडणी टिकली तर ते काम रद्द करायचे.

टीएलएस, म्हणजे वेबचे कूटीकरण, 'रिलेडी' हा प्रॉक्सी उतरवतो, प्रमाणपत्र 'अ‍ॅक्मी-क्लायंट' आणतो. प्रमाणपत्र नवे झाले तरी रिलेडी आपण होऊन ते वाचत नाही, नूतनीकरणाच्या ओळीतच त्याला रीलोड जोडावे लागते. नाहीतर डिस्कवर नवे आणि वाचकासमोर मुदत संपलेले अशी स्थिती येते. मूळ पत्ता पुढे पाठवणारे 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हेडर 'अपेंड' न करता 'सेट' केले. अपेंडमध्ये वाचकाच्या बाजूने आलेले खोटे मूल्यही पुढे तसेच जाते.

२५ जून, मंगळवार

डेबियन बसवली. दोन्ही डिस्कवर १ जीबी बूटसाठी आरसा, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत, आणि उरलेल्यावर दुसरा आरसा. त्यावर लक्स (डिस्कचे कूटीकरण), लक्सवर एलव्हीएम (जागेची वाटणी). मूळ ३० जीबी, डेटाबेस १०० जीबी, लॉग ३० जीबी, कोहाचा बॅकअप २०० जीबी, उरलेले मोकळे. लॉग वेगळे ठेवण्याचे कारण साधे आहे : लॉग फुगले तर लॉगचीच जागा भरेल, डेटाबेस अडणार नाही.

जुन्या पद्धतीच्या बायॉसवर ओएस सुरू करणारा ग्रब दोन्ही डिस्कवर घालावा लागतो. इन्स्टॉलर एकीवर घालतो. 'ग्रब-पीसी' पुन्हा कॉन्फिगर करून दोन्हींवर खूण केली. मग पहिल्या डिस्कची तार काढून बूट करून पाहिले. हे न करता "आरसा आहे" असे म्हणू नये.

पूर्ण डिस्क कुलूपबंद असली की वीज आल्यावर यंत्र पासफ्रेजची वाट पाहत थांबते. ग्रंथालयात रात्री कोणी नसते. उपाय 'ड्रॉपबेअर-इनिट्रॅमएफएस' : बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यातच छोटा एसएसएच सर्व्हर उठतो, त्यात शिरून पासफ्रेज द्यायचा. गेटवे कुलूपबंद नाही, तो आपोआप उठतो आणि वायरगार्ड मिळतो. दोन यंत्रांच्या मांडणीचा हा फायदा. ध्यानात ठेवायचे ते असे. डेबियन १२ मध्ये किल्ल्यांची जागा बदलली आहे, 'ईटीसी'तल्या 'ड्रॉपबेअर'च्या आत 'इनिट्रॅमएफएस'. किल्ली घातल्यावर इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी प्रणाली) पुन्हा बनवायचे. ड्रॉपबेअरची होस्ट किल्ली मुख्य एसएसएचपेक्षा वेगळीच ठेवायची, कारण बूटचा भाग उघडा असतो आणि डिस्क नेणाऱ्याला ती वाचता येते. तोच पत्ता आणि दोन किल्ल्या म्हटल्यावर एसएसएच दर वेळी ओरडतो. पोर्ट २२२२ आणि वेगळी 'नोन होस्ट' फाइल दिली.

लक्सच्या हेडरची प्रत काढून कुलूपबंद पेनड्राइव्हवर ग्रंथालयाच्या तिजोरीत. हेडर बिघडला तर पासफ्रेज माहीत असूनही डेटा गेला.

२७ जून, गुरुवार

कोहा. त्याची रिपॉझिटरी (पॅकेजचे भांडार) डेबियनच्या बाहेरची आहे, म्हणून तिची किल्ली स्वतंत्र ठेवून फक्त त्याच रिपॉझिटरीशी बांधली. 'स्टेबल' नावाने न जोडता आवृत्तीच्या क्रमांकाने जोडली. कोहाची नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरला येते. 'स्टेबल' लिहिले की एखाद्या सकाळी डेटाबेसची रचना बदललेली दिसेल. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' मुळात डेबियनच्याच पॅकेजांना हात लावते, कोहाला लावत नाही. हे तसेच ठेवले. कोहाचे मासिक पॅच बॅकअप काढून हाताने चढवायचे.

कर्मचाऱ्यांचा भाग ८०८० वर. अपाचे या वेब सर्व्हरच्या पोर्टच्या फाइलीत तो पोर्ट ऐकायला सांगावा लागतो, नाहीतर सगळे बरोबर असून पान उघडत नाही. फक्त आतल्या पत्त्यावर ऐकायला लावले. कोहाच्या मुख्य कॉन्फिगमध्ये विश्वासू प्रॉक्सी म्हणून गेटवेचा पत्ता घातला, अन्यथा लॉगमध्ये प्रत्येक वाचक गेटवेच्या पत्त्याने दिसतो. जुन्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल उचलून आणू नये, नव्या कोहाला लागणारी कूटीकरणाची किल्ली तिच्यात नसते.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कोहाचे पॅकेज अपाचेचे 'एमपीएम-आयटीके' वापरते. प्रत्येक ग्रंथालयाची प्रोसेस वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालावी ही सोय चांगली, पण त्यासाठी विनंती वाचून होईपर्यंत प्रोसेसकडे रूटचे अधिकार राहतात. त्या आधीच्या टप्प्यात अपाचेत भोक निघाले तर ते थेट रूटचे भोक ठरते. म्हणून इंटरनेटवरची कच्ची विनंती अपाचेला दिसू न देणे महत्त्वाचे होते. रिलेडी ती आधी स्वतः वाचतो आणि वेडीवाकडी असेल तर तिथेच टाकून देतो. धोका पूर्ण जात नाही, पण बराच आवळला जातो.

अ‍ॅपआर्मर ही एसईलिनक्ससारखीच बंधन घालणारी यंत्रणा डेबियनमध्ये १० व्या आवृत्तीपासून चालू असते. "चालू आहे" यावर समाधान मानू नये. 'एए-स्टेटस' पाहिले तर मारियाडीबी (डेटाबेस) आणि अपाचे यांपैकी कोणीही बांधलेले नसते. मारियाडीबीची प्रोफाइल फाइल आहे, पण ती मुद्दाम रिकामी. तिथे खरे काम सिस्टमडी करते. मारियाडीबीच्या युनिटमध्ये होम झाकलेले आणि प्रणालीचे भाग फक्त वाचण्यापुरते आहेत. डेटाची जागा होममध्ये हलवली तर सेवा उठत नाही, त्याचे कारण हेच.

देवनागरी शोध : कोहाचे शोधयंत्र झेब्रा मुळात जी अक्षर-कोष्टके वापरते त्यांत मराठी शब्द नीट तुटत नाहीत. 'डिफॉल्ट' निर्देशांक फाइलीत आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी चालू करून पूर्ण निर्देशांक पुन्हा बांधला. 'श्यामची' लिहून शोधले, नोंदी आल्या.

१ जुलै, सोमवार

दुपारी क्वालिस या सुरक्षा कंपनीने सीव्हीई-२०२४-६३८७ हे ओपनएसएसएचमधले भोक जाहीर केले. लॉगिनची वेळ संपते तेव्हा एसएसएचडी सिग्नलच्या आत असे काही करतो जे तिथे करणे सुरक्षित नाही, आणि ग्लिबसी ही सी लायब्ररी असलेल्या लिनक्सवर त्यातून रूटपर्यंत जाता येते. हेच भोक २००६ मध्ये बुजवले होते, ओपनएसएसएच ८.५ मध्ये पुन्हा उघडले. ओपनबीएसडीवर लागू नाही. त्यांनी सिग्नलच्या आत वापरायला सुरक्षित असे लॉग लिहिणारे फंक्शन २००१ मध्येच केले होते. जुन्या सेंटओएसवर ७.४ आहे, तीही यातून सुटते. पण तो योगायोग आहे, जुन्या आवृत्तीची बाजू घेण्याचे कारण नाही.

डेबियन १२ वर लागू होते. डेबियनची सूचना डीएसए-५७२४ त्याच दिवशी आली, दुरुस्त पॅकेज ९.२पी१-२+डेब१२यू३. आपोआप अपडेट सकाळी सहाच्या सुमारास चालतो, त्यात तासापर्यंत यादृच्छिक उशीर असतो. म्हणजे आज दुपारी आलेला पॅच उद्या सकाळी लागला असता. आमचा एसएसएचचा पोर्ट २२ बाहेर उघडा नसल्याने तेही चालले असते, तरी हाताने लावला. नंतर पॅकेजची आवृत्ती पाहिली आणि प्रोसेस सुरू झाल्याची वेळही पाहिली. डिस्कवर नवी फाइल आणि मेमरीत जुनी प्रोसेस, असे राहू नये.

लॉगिनची मुदत शून्य करण्याचा तात्पुरता उपाय सांगितला जातो. त्याने भोक बुजते, पण अर्धवट जोडण्या कधीच तुटत नाहीत आणि कोणीही त्या भरून दार अडवू शकतो. पॅच असताना याची गरज नाही.

२ जुलै, मंगळवार

जुन्या सर्व्हरवर पॅकेज आणणारे 'यम' चालेनासे झाले, मिरर यादीचे नावच आता सापडत नाही. मुदत संपल्यावर यादी बंद केली आहे. शेवटची काही साधने हवी असतील तर पत्ता 'व्हॉल्ट' या जुन्या संग्रहावर वळवावा. डेटा काढण्यासाठी आम्हाला काही लागले नाही. मारियाडीबी ५.५ चा डंप १०.११ मध्ये चढवला, रचनेचे अपग्रेड चालवले, सभासद आणि प्रतींची बेरीज दोन्हीकडे जुळवली.

४ जुलै, गुरुवार

लॉग. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग देशात ठेवणे, घटना सहा तासांत कळवणे आणि वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) सर्व्हरशी जुळवणे सांगितले आहे. ग्रंथालयाला हे काटेकोर लागू होते का याचा कीस न काढता तेच माप धरले. वेळ गेटवे तिथून घेतो आणि आत वाटतो.

मुळातल्या सेटिंगवर १८० दिवस कुठेच होत नाहीत. डेबियनमध्ये अपाचेचे लॉग १४ दिवसांचेच राहतात. सिस्टमडीचे जर्नल (लॉग) डिस्कच्या दहा टक्के किंवा ४ जीबी, जे कमी ते, एवढे झाले की जुने पुसते. ओपनबीएसडीत वेब सर्व्हरचे लॉग चार आठवड्यांचे. तिन्ही ठिकाणी १९० दिवस केले, जर्नलला १२ जीबी दिले. गेटवेचा लॉग डेबियनवरही जातो. एका यंत्रावर कोणी शिरून खुणा पुसल्या तरी प्रत दुसरीकडे असेल.

फेल२बॅन (चुकीचे लॉगिन करणारे पत्ते अडवणारे साधन) घातले नाही, एसएसएच बाहेर नसल्याने त्याला काम नाही. कोणी घालणार असेल तर एवढे पाहावे : डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलीत लिहिणारी सेवा) आपोआप येत नाही, म्हणून 'ऑथ' लॉगची फाइलच नसते आणि फेल२बॅन सुरू होतानाच पडते. त्याला जर्नल वाचायला सांगायचे.

९ जुलै, मंगळवार

काल सीव्हीई-२०२४-६४०९ आले. पुन्हा एसएसएचडी, पुन्हा सिग्नल, पण या वेळी भोक मूळ ओपनएसएसएचमध्ये नाही. रेड हॅटने ऑडिटसाठी घातलेल्या स्वतःच्या बदलामुळे ते त्यांच्या ८.७ मध्ये आहे, म्हणजे त्या कुळातल्या आवृत्ती ९ वर. अधिकार कमी असलेल्या प्रोसेसमध्ये आहे, म्हणून परिणाम मर्यादित. १४ जूनला डेबियनबद्दल जे लिहिले ते सगळ्याच वितरणांना लागू पडते. आमच्याकडे काही करायचे नाही.

११ जुलै, गुरुवार

बॅकअप. कोहा रोज रात्री डंप काढते आणि मुळात दोनच दिवसांचे ठेवते. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिगही असते, म्हणून ती प्रत उघडी बाहेर नेता येत नाही. बोर्ग या बॅकअप साधनाने कुलूपबंद करून दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर पाठवली. तिथल्या बाजूला ही किल्ली फक्त भर घालू शकते, पुसू शकत नाही. सर्व्हर ताब्यात घेणाऱ्याला जुने बॅकअप नष्ट करता येऊ नयेत यासाठी ही एक ओळ पुरते.

कोऱ्या डेबियनवर परत चढवून पाहिले. कोहा उठले, पण शोध रिकामा आला. निर्देशांक पुन्हा बांधावा लागतो, आणि आयसीयूची फाइलही वेगळी जपावी लागते. दोन्ही गोष्टी पुनर्स्थापनेच्या कागदावर लिहिल्या.

१५ जुलै, सोमवार

डीएनएस नव्या पत्त्यावर वळवला. बाहेरून पोर्ट तपासले : ८०, ४४३, बाकी गप्प. जुना सर्व्हर नेटवर्कवरून काढला. डिस्क पुसायच्या आधी महिनाभर कपाटात.

पुढची कामे. ओपनबीएसडीच्या दोन ताज्या आवृत्त्यांनाच पॅच मिळतात आणि आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, म्हणून वर्षातून दोनदा 'सिसअपग्रेड' ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी. एक आवृत्ती गाळून पुढची घेता येत नाही. डेबियनचा कर्नल आपोआप बदलतो पण यंत्र आपोआप रीबूट होत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, ग्रंथपाल हजर असताना, कारण पासफ्रेज लागतो. पासफ्रेज दोघांकडे आहे, तिसरा बंद पाकिटात. वायरगार्डच्या किल्ल्यांची यादी दर तीन महिन्यांनी पाहायची, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची त्याच दिवशी काढायची. यूपीएसच्या बॅटरीची चाचणी अजून बाकी आहे.